प्लांटेड टँकचा तळ कसा निवडावा: इंदूरचं पाणी, नर्मदेची रेती आणि माळव्याची काळी माती

प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पतींची माशांची टाकी, उभारताना टाकी ठरते, लाइट ठरतो, फिल्टर ठरतो, आणि अगदी शेवटी दुकानदार विचारतो, "नीचे क्या डालोगे?" मग समोरच्या थैल्यांमधली जी रंगानं बरी दिसेल ती उचलली जाते. खरं तर टाकीतली बाकी प्रत्येक गोष्ट नंतर बदलता येते. लाइट काढून दुसरा लावता येतो, फिल्टर तासाभरात बदलतो. तळ, म्हणजे टाकीच्या बुडाशी पसरलेला रेती-मातीचा थर, बदलायचा म्हटलं की मासे बादलीत, झाडं तगारीत आणि सगळा रविवार पाण्यात. म्हणून खरेदीचा क्रम उलटा करावा. आधी पाणी मोजायचं, मग झाडं ठरवायची, त्यावरून तळ, आणि बाकीचं त्यानंतर.

इंदूरच्या घरांत हा क्रम अधिकच महत्त्वाचा आहे. जपानसारख्या ठिकाणच्या मऊ, म्हणजे चुना कमी असलेल्या, पाण्यावर बेतलेले सल्ले इथल्या पाण्यात जसेच्या तसे चालत नाहीत. तिथे दोन-अडीच वर्षं टिकणारी महागडी माती इथल्या बोरिंगच्या पाण्यात काही महिन्यांत हात टेकते. त्यात मातीचा दोष नसतो.

पाणी आधी मोजा

इंदुरात एकाच गल्लीत तीन प्रकारचं पाणी असू शकतं: जलूदहून उपसून आणलेलं नर्मदेचं नळाचं पाणी, बोरिंगचं पाणी, आणि टँकरचं, ज्याचा उगम टँकरवाल्यालाच माहीत. बऱ्याच घरांत हे सगळं एकाच हौदात मिसळतं. त्यामुळे शेजाऱ्याच्या टाकीत जे चाललं ते तुमच्याकडे चालेलच असं नाही. ज्या नळातून टाकी भरणार त्याच नळाचं पाणी घ्या, रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा आणि सकाळी मोजा.

मोजायच्या गोष्टी दोनच: पीएच आणि केएच. केएच म्हणजे कार्बोनेट कठीणपणा. पाण्याचा पीएच खाली येऊ न देणारी ताकद. तो थेंबांच्या किटनं मोजतात, रंग बदलेपर्यंत किती थेंब पडले ते मोजायचं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षमता. आरओच्या माणसाजवळ असतो तो टीडीएस मीटर इथे पुरत नाही. पाण्यात एकूण किती विरघळलंय एवढंच तो सांगतो. त्यात मीठ किती आणि चुना किती हे त्याला कळत नाही.

केएच ४ किंवा त्याखाली असेल तर कुठलाही तळ चालेल. ४ ते ८ असेल तर अ‍ॅक्वासॉईल (भाजलेल्या मातीचे तयार दाणे) चालते, पण आरओचं पाणी मिसळायची तयारी हवी. ८ च्या वर असेल तर निष्क्रिय, म्हणजे पाण्यात काही न सोडणारी, रेती किंवा घरी तयार केलेली माती हेच शहाणपणाचं. याला अपवाद एकच: पूर्ण टाकी आरओच्या पाण्यावर चालवायची तयारी असणारे. असे लोक असतात, पण थोडे.

झाड कुठून जेवतं

अनुबियास, जावा फर्न, ब्युसेफॅलँड्रा आणि मॉस यांना तळाशी काही देणंघेणं नाही. ती लाकडाला किंवा दगडाला बांधायची असतात. त्यांचं आडवं खोड रेतीत पुरलं तर सडतं. टाकीत एवढीच झाडं ठेवायची असतील तर हा लेख इथेच सोडून दोन सेंटिमीटर धुतलेली रेती टाका. तळावर खर्च करायचं कारण नाही.

हायग्रोफिला, बाकोपा, रोटाला, लुडविगिया ही दांड्याची झाडं पानांतूनही खातात आणि मुळांतूनही. त्यांना साधा तळ आणि आठवड्याला पाण्यातून थोडं द्रवखत एवढ्यावर भागतं. क्रिप्टोकोरिन, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, व्हॅलिस्नेरिया आणि कमळवर्गीय झाडं मात्र मुळांनी जेवणारी. मोठा स्वोर्ड एका हंगामात मुळांचं जाळं फूटभर पसरवतो. त्याच्या खाली नुसती धुतलेली रेती असली तर दोन महिन्यांत नवी पानं पिवळट आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात, म्हणजे लोह कमी पडतंय.

यातलं व्हॅलिस्नेरिया इंदूरच्या पाण्याला विशेष मानवतं. पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घ्यायची सोय त्याच्याकडे आहे, त्यामुळे कठीण पाण्यात ते उलट जोमानं वाढतं. टोनिना किंवा रोटाला वॉलिची यांसारखी मऊ पाणीच मागणारी झाडं मागवायचा मोह मात्र केएच बघून आवरावा.

दुकानात जे सरळ नाकारायचं

रंगीत गोट्या: रंग सुटतो, आणि गुळगुळीत चकचकीत पृष्ठावर मुळं धरत नाहीत. पांढरी संगमरवराची चुरी: संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ती हळूहळू विरघळून केएच आणि पीएच दोन्ही चढवते. प्रवाळाची वाळू: तेच, अजून वेगानं. पाच मिलिमीटरपेक्षा जाड गोटे: फटींत माशांची घाण आणि उरलेलं खाणं साचतं आणि रोप उभं राहत नाही. तळाखाली पाणी खेचणारा जाळीचा फिल्टर: त्यावर माती टाकायचा विचारही नको, मातीचं पाणी थेट टाकीत फिरेल.

पहिला पर्याय: नर्मदेची रेती

बांधकामाला येते तीच रेती, बिल्डिंग मटेरियलवाल्याकडे पोत्यावर मिळते, आणि नीट निवडली तर थैलीतल्या ग्रॅव्हलपेक्षा डोळ्यांना जास्त बरी दिसते. तिच्यात गारगोटीचे कण असतात, काळ्या बसाल्टचे असतात, चमकणारा अभ्रक असतो, चिकणमाती असते आणि शंख-शिंपल्यांचे तुकडेही असतात. शेवटच्या दोन गोष्टी काढणं हेच सगळं काम.

आधी हिशेब. दुकानात मिळणारी दोन फुटी टाकी साधारण ६० × ३० सेंटिमीटर तळाची असते. पुढे ४ आणि मागे ८ सेंटिमीटर उतार दिला तर सरासरी ६. म्हणजे ६० × ३० × ६ = १०,८०० घन सेंटिमीटर, पावणेअकरा लिटर. रेती लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणून सोळा किलो लागेल. चाळण्यात आणि धुण्यात बरीच जाते, तेव्हा पंचवीस-तीस किलो आणा.

चाळायला दोन चाळण्या लागतात. आधी ३ मिलिमीटरची: वर राहील ते बाजूला. मग १ मिलिमीटरची: खाली पडेल तेही बाजूला. मधे उरली ती तुमची. बारीक पीठ फेकायची घाई नको, कुंड्यांना कामी येतं. टाकीत मात्र ते नको. अगदी बारीक रेतीचा पाच सेंटिमीटरहून जाड थर दाबला जातो, आत प्राणवायू पोचत नाही आणि काळे पट्टे पडायला लागतात.

मग धुणं. एका वेळी तीन-चार किलोच घ्या, बादलीत जोरानं पाणी सोडा, हात घालून ढवळा, गढूळ पाणी ओता. दहा-बारा वेळा करावं लागतं. शेवटचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन त्यातून वर्तमानपत्र वाचता आलं तर झालं. धुताना डिटर्जंट, साबण काही नाही. आणि ते पाणी मोरीत नको. चिकणमाती पाइपात बसली की प्लंबर बोलवावा लागतो.

आता चुन्याची परीक्षा. चमचाभर कोरडी रेती वाटीत घ्या, वर स्वयंपाकाचा व्हिनेगर टाका, कान जवळ न्या. फसफसलं तर चुना आहे. व्हिनेगर सौम्य असतो, थोडा चुना असला तर फसवतो. म्हणून दुसरी परीक्षा जास्त खात्रीची: एक वाटी धुतलेली रेती एक लिटर आरओच्या पाण्यात टाकून झाकून ठेवा. टाकण्याआधी केएच आणि टीडीएस लिहून ठेवा, सात दिवसांनी पुन्हा मोजा. टीडीएस दहा-वीसनं वाढला तर चिंता नाही. शंभरावर गेला आणि केएच दोन-तीन अंश चढला तर ती रेती भिंतीतच बरी. इथे टीडीएस मीटर कामाला येतो, कारण सुरुवातीचं पाणी जवळजवळ कोरं असतं.

हीच परीक्षा क्रशरवरून आणलेल्या काळ्या गिट्टीच्या चुरीलाही लावा. माळव्याचा काळा दगड म्हणजे बसाल्ट, तो स्वतः पाण्यात काही सोडत नाही म्हणून अनेक जण बिनधास्त वापरतात. पण या लाव्हाच्या दगडात वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली छिद्रं असतात आणि त्यांत नंतर भरलेली पांढरी खनिजं असतात. काही झिओलाइट, ती निरुपद्रवी. काही कॅल्साइट, म्हणजे चुनाच. चुरीत पांढरे ठिपके दिसले की एकेकावर व्हिनेगरचा थेंब टाकून बघा. शिवाय क्रशरची चुरी धारदार असते. तळाशी तोंड घासत फिरणाऱ्या माशांच्या मिशा तिनं झिजतात.

धुतलेल्या रेतीत खाणं काहीच नसतं, ते आपल्याला द्यायचं. मुळांशी खोचायच्या गोळ्या तयार मिळतात. घरी करायच्या तर रोपवाटिकेत मिळणारं आवरणाचं, हळूहळू सुटणारं दाणेदार खत जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरतात, कॅप्सूलला एक ग्रॅमच्या आत. दोन फुटी टाकीला सहा ते आठ कॅप्सूल, एकमेकींपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर, चिमट्यानं अगदी तळाच्या काचेपर्यंत खोचून. खताच्या पाकिटावर जे महिने लिहिलेले असतात ते साधारण २१ अंशांना धरलेले असतात. इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी तिशी ओलांडतं आणि खत लवकर संपतं. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा द्या, पण नव्या जागी.

एक चूक इथे ठरलेली. कृषी केंद्रात हळूहळू सुटणारं खत मागितलं की पुष्कळदा १९:१९:१९ किंवा डीएपी हातात पडतं. १९:१९:१९ पाण्यात क्षणात विरघळतं, ते फवारणीसाठीच असतं. डीएपीमधून अमोनियम सुटतं. एक कॅप्सूल फुटली तरी दुसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागावर धापा टाकताना दिसतात. दाणा बोटांत दाबून बघा: आवरणाचा दाणा गोल, गुळगुळीत असतो आणि पाण्यात टाकल्यावर तासाभरानंतरही तसाच राहतो.

दुसरा पर्याय: काळी माती

घराबाहेर पडलं की पायाखाली जी आहे तिच्याकडे दुर्लक्ष करून परदेशी माती आणायची, हे थोडं गमतीचंच आहे. काळी माती म्हणजे बसाल्ट झिजून झालेली चिकणमाती, तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची खनिजं भरपूर. या खनिजांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी आणि पोषकद्रव्यांचे आयन शिरून बसतात, आणि झाडाच्या मुळांनी मागितले की सुटतात. महाग मातीच्या थैलीवर ज्या गुणाची जाहिरात असते तो हाच. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश तिच्यात मुबलक. नत्र आणि सेंद्रिय अंश कमी, आणि टाकीच्या दृष्टीनं तो फायदाच, कारण नत्र कमी म्हणजे सुरुवातीचा, माशांना विषारी असलेला अमोनियाही कमी.

अडचणी तीन, आणि तिन्ही खऱ्या.

पहिली म्हणजे फुगणं. हेच पापुद्रे पाणी पिऊन सुजतात. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात आणि पावसात त्या बुजतात ते यामुळेच. नुसत्या काळ्या मातीवर रेतीचा थर दिला तर महिनाभरात रेती खाली बुडते आणि माती वर येते. चिकणमातीचा गोळा हवाबंदही होतो. उपाय म्हणजे तिला एकटी वापरायची नाही. दुसरी अडचण चुनखडीचे खडे. तिसरी सगळ्यांत कमी बोलली जाणारी: माती कुठून आणली. इंदूरच्या भोवती सोयाबीनची शेतं आहेत आणि सोयाबीनवर तणनाशक मारतात. काही तणनाशकं जमिनीत महिनोन्‌महिने टिकतात. पाणवनस्पतीही शेवटी तणासारखीच झाडं, त्यामुळे अशा मातीत ती कारण न कळता वितळत जातात. म्हणून शेताची माती नको, रस्त्याकडेची नको, रोपवाटिकेची तयार मातीही नको कारण तिच्यात शेणखत असतं. ज्या परसात निदान दोन-तीन वर्षं काही फवारलेलं नाही तिथली, वरचा पालापाचोळा बाजूला करून, वीतभर खोलीपर्यंतची माती घ्या. दोन फुटी टाकीला चार किलो पुष्कळ झाली.

ही माती कोरडी चाळायला जाऊ नका. वाळलेलं ढेकूळ दगडासारखं असतं, फोडता फोडता खांदा भरून येतो. ती भिजवून चाळायची. बादलीत माती टाका, तिप्पट पाणी घाला, रात्रभर भिजू द्या. सकाळी वर तरंगणाऱ्या काड्या, मुळं, किडे काढून टाका. मग हा काला २ मिलिमीटरच्या चाळणीतून दुसऱ्या बादलीत गाळा. पांढरे-करडे चुनखडीचे खडे चाळणीत अडकतात. दोन-चारांवर व्हिनेगर टाकून बघा, फसफसतील. गाळलेलं पाणी दोन दिवस स्थिर ठेवा आणि वरचं नितळ पाणी नळीनं काढून टाका. खालचा चिखल प्लास्टिकच्या कागदावर गच्चीत पसरून पूर्ण वाळवा. वाळून भेगा पडल्या की फोडा, पुन्हा भिजवा, पुन्हा वाळवा.

असं तीन वेळा. कंटाळवाणं आहे, पण यातच खरं काम होतं. ओलं असताना जिवाणू सेंद्रिय अंश कुजवतात, वाळताना हवा शिरून अमोनियाचं नायट्रेट होतं, आणि पुढच्या पाण्यात ते धुऊन निघतं. हे न करता थेट वापरलेली माती तेच काम टाकीत, माशांच्या समोर करते. ऊन चांगलं असेल तर दोन-अडीच आठवडे लागतात; जुलै-ऑगस्टमध्ये हा उद्योग करू नये.

आता मिश्रण. मापानं, वजनानं नव्हे: एक वाटा काळी माती, दोन वाटे वर सांगितलेली १ ते ३ मिलिमीटरची रेती. लाल मुरूम मिळत असेल तर रेतीच्या दोनपैकी एक वाटा मुरूम घाला, तोही चाळून आणि व्हिनेगरची परीक्षा करून. मुरूम म्हणजे अर्धवट झिजलेला बसाल्टच, सच्छिद्र आणि लोहाचा साठा. चिकणमातीला तो मोकळं ठेवतो. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड काहीही घालायचं नाही. पाण्याचे हबके मारत मिश्रण पुरणाइतकं घट्ट भिजवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून ओघळू नये.

टाकीत दोन सेंटिमीटरचा थर द्या, पण काचेपासून सगळीकडे तीन सेंटिमीटर जागा सोडून. ही कड नंतर रेतीनं भरायची. एक कारण देखणेपणाचं: मातीचा पट्टा समोरून दिसत नाही. दुसरं महत्त्वाचं: काचेला लागून उजेड मिळालेल्या मातीत हिरवं-निळं शेवाळ धरतं आणि ते काढता येत नाही. दोन फुटी टाकीला तीन लिटर मिश्रण लागतं.

वर झाकण रेतीचं, साडेतीन ते चार सेंटिमीटर. चार सेंटिमीटर धरले तर सव्वासात लिटर, आणि कडेची भर धरून साधारण बारा किलो. इथे कणाचा आकार सांभाळा. तीन मिलिमीटरहून जाड कण असले तर फटींतून माती वर येते. पिठासारखी रेती असली तर मातीतले वायू अडकतात. पोतं उपडं करू नका. वाटीनं, कडेपासून आतल्या बाजूला, हलक्या हातानं पसरा.

पाणी भरताना वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर ताटली ठेवा, आणि नळीची धार बोटाइतकीही जाड नको. पहिले दहा सेंटिमीटर भरायला अर्धा तास लागला तरी चालेल. तेवढ्या पाण्यात झाडं लावा, मग बाकी भरा. लावणी पहिल्याच दिवशी दाट हवी. वरून पाहिलं तर तळाचा दोन-तृतीयांश भाग झाकलेला दिसावा. चार काड्या लावून बाकी नंतर आणू म्हटलं की मोकळ्या जागेवर शेवाळ हक्क सांगतं. वर थोडं सॅल्विनियासारखं तरंगतं झाड सोडा. सुरुवातीचा अमोनिया ते झपाट्यानं खातं.

काळी माती मुळात अल्कधर्मी, मग ती पीएच चढवणार नाही का, ही शंका रास्त आहे. पण पाण्याखाली गेलेल्या चुनखडीयुक्त मातीचा पीएच कुजण्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे काही आठवड्यांत सातच्या जवळ उतरतो, आणि प्राणवायू कमी झाल्यानं मातीतलं लोह झाडांना घेता येईल अशा रूपात बदलतं. वरच्या पाण्याचा पीएच मात्र तुमच्या नळाइतकाच राहतो. माती तो खाली आणणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये.

तिसरा पर्याय: अ‍ॅक्वासॉईल

जपानच्या एडीए कंपनीची अ‍ॅमेझोनिया ही यातली जुनी आणि नावाजलेली. आता बऱ्याच कंपन्यांची मिळते. भाजलेल्या मातीचे दाणे, आत नत्र आणि ह्युमिक आम्लं. ती पाण्यातला केएच शोषून पीएच ६ ते ६.८ च्या आसपास धरून ठेवते. गालिच्यासारखी झाडं आणि कॅरिडिना जातीच्या झिंग्यांसाठी हिला तोड नाही, हे कबूल.

पण केएच शोषायची तिची क्षमता ठरावीक असते. केएच १० च्या नळाचं पाणी दर आठवड्याला निम्मं बदललं तर दरवेळी नवा चुना येतो आणि ती तो झेलत राहते. क्षमता संपली की पीएच नळाच्या पातळीवर जातो, आणि उरतो फक्त महाग तपकिरी खडा. उपाय म्हणजे निम्मं आरओ: केएच १० चं पाच होतं, तीन भाग आरओला एक भाग नळ केलं तर अडीच. आरओच्या मशीनचं बाहेर टाकलेलं पाणी मात्र कधीही नको, त्यात सगळा क्षार साठलेला असतो.

नऊ लिटरची थैली दोन फुटी टाकीला बरोबर पाच सेंटिमीटर सपाट थर देते, उतार देता येत नाही. मागची बाजू उंच करायची तर खाली जाळीच्या पिशवीत प्युमिस किंवा लाव्हाचे खडे भरून ठेवा. दाणे धुवायचे नाहीत, दाबायचे नाहीत. पहिले तीन-चार आठवडे ती भरपूर अमोनिया सोडते, म्हणून पहिल्या आठवड्यात रोज निम्मं पाणी बदला, दुसऱ्यात एक दिवसाआड, तिसऱ्यात दोनदा. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरानं हा हिशेब आधी मांडावा: दोन फुटी टाकीला रोजचे तीस लिटर, त्यातले निम्मे आरओचे. जमत नसेल तर वरचे दोन पर्याय आहेतच.

आणखी एक प्रकार मधोमध बसतो, फ्लोराइट नावाच्या तयार तळासारखे सच्छिद्र चिकणमातीचे कण. ते पाण्याशी छेडछाड करत नाहीत, पोषण धरून ठेवतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. मिळालेच तर रेतीसारखे, मुळाशी गोळ्या खोचून वापरा.

मासे कोणते

कोरिडोरास आणि कुहली लोच पाळायचे तर वरचा थर गोल कणांचा, दोन मिलिमीटरच्या आतला हवा. गोल्डफिश आणि खड्डे खणणारे सिक्लिड असतील तर मातीची टाकी करूच नका. ते एका रात्रीत काळी माती वर आणून ठेवतील. चेरी झिंगे रेतीत आणि मातीत दोन्हीकडे खूश असतात.

पहिले सहा आठवडे, आणि काय बिघडतं

सुरू करायला सगळ्यात चांगला काळ दसऱ्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा. मेमध्ये माती सुरू केली तर कुजणं वेगानं होतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. जानेवारीत पाणी अठरा-वीस अंशांवर आलं की अमोनिया संपवणारे जिवाणू आळसावतात.

लाइट सुरुवातीला सहाच तास. अमोनिया दर दोन दिवसांनी मोजा आणि लिटरला पाव मिलिग्रॅमच्या वर गेला की ४० टक्के पाणी बदला. इथल्या पाण्यात हे जास्त कटाक्षानं का, तर २८ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ असला की तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. किटवर आकडा तोच, पण माशासाठी विष सुमारे नऊपट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसल्याशिवाय मासे नकोत. घरातल्या मुलांना हे समजावणं सगळ्यात अवघड.

पाणी दुधासारखं पांढुरकं झालं तर ते जिवाणू, आठवड्यात आपोआप निवळतं. मातकट झालं आणि तीन दिवसांनीही तसंच राहिलं तर झाकणाचा थर कुठेतरी फाटला आहे. जागा शोधून मूठभर रेती टाका. काचेवर आणि पानांवर तपकिरी भुकटी बसली तर तो डायटम, एक सूक्ष्म शेवाळाचा प्रकार, पुसून काढा, महिन्याभरात जातो. क्रिप्टोकोरिनची सगळी पानं वितळून गेली तर उपटून फेकू नका. मुळं जिवंत असतात, तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात.

मातीतून बुडबुडे येणं स्वाभाविक आहे. वास नसेल तर काळजी नाही. सडक्या अंड्याचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे आत प्राणवायू पोचत नाही. विणायच्या सुईनं दर आठवड्याला पाच-पाच सेंटिमीटरवर टोचा, एका वेळी टाकीचा चौथा भागच, आणि त्या दिवशी निम्मं पाणी बदला. मुळं पसरली की ती स्वतःच प्राणवायू खाली नेतात आणि हे काम थांबतं. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी सोडल्या तर त्याही रेती खालीवर करत राहतात, फक्त त्यांची लोकसंख्या माशांच्या खाण्यावर ठरते, म्हणून खाणं हात राखून घाला.

सायफननं साफ करताना नळी रेतीत खुपसायची नाही, पृष्ठभागावरून बोटभर उंच फिरवायची. आणि मातीच्या टाकीतलं मोठं झाड कधीही सरळ उपटू नये. आधी कात्रीनं बुंध्याभोवती दोन इंचांवर गोल मुळं कापा, मग झाड हलकेच बाजूला तिरकं करत काढा. आत राहिलेली मुळं मातीतच कुजून खत होतात. पडलेल्या खळग्यात वाटीभर धुतलेली रेती टाका. त्यासाठी सुरुवातीच्या चाळणीतली दोन किलो रेती डब्यात भरून ठेवलेली असावी.